मका, एरंड आणि फोम

दोंडाईचा म्हटले की खानदेशातल्या माणसाला आधी मिरची आठवते. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे, शिंदखेडा तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. मिरचीच्या हंगामात इथल्या हवेतच ठसका असतो. पण या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती रसायनाच्या अभ्यासकाला जास्त मोलाची वाटावी. १९७३ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड या कंपनीचा मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना इथे आहे. मका गंधक डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवायचा, दाणा फुगला की भरडायचा, कोंब तेलासाठी बाजूला काढायचा, टरफल आणि ग्लुटेन वेगळे करायचे आणि उरलेले पांढरे दूध वाळवायचे, अशी ही पद्धत. दाण्याच्या वजनाचा साठ ते सत्तर टक्के भाग स्टार्चच असतो.

स्टार्च हा पॉलिमर आहे. ग्लुकोजचे शेकडो, हजारो रेणू एकाला एक जोडून झाडाने तयार केलेली ती साखळी. ती साखळी तोडली की ग्लुकोज मिळतो. ग्लुकोजला निकेलच्या उत्प्रेरकाबरोबर हायड्रोजन दिला की सॉर्बिटॉल मिळतो. सॉर्बिटॉलच्या एका रेणूवर सहा हायड्रॉक्सिल गट असतात. त्यांना प्रॉपिलीन ऑक्साइड जोडले की एक घट्ट, पाकासारखा द्रव तयार होतो. कारखान्यात त्याला पॉलिऑल म्हणतात. घरच्या फ्रिजच्या पत्र्यामागे जो पॉलियुरेथेनचा पिवळसर, कडक फोम भरलेला असतो त्याचे निम्मे रसायन असले पॉलिऑल असते. त्याची सुरुवात सॉर्बिटॉलपासून होते, नाहीतर थेट साखरेपासून. मका आणि ऊस ही दोन्ही पिके घेणाऱ्या खानदेशात ही साखळी ठाऊक असणारी माणसे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पॉलियुरेथेनवरचे हे पुस्तक मराठीत यायला हवे होते त्याचे पहिले कारण हे.

पॉलियुरेथेनचा जन्म शेतापासून फार दूर, जर्मनीतल्या लेव्हरकुझेन इथे झाला. १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीसाठी वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले होते आणि त्याची पेटंटे चहूबाजूंनी आवळलेली होती. त्या कुंपणाबाहेरचा रस्ता आय. जी. फार्बेनचे रसायनज्ञ शोधत होते. त्यांच्यातले ओटो बायर (बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचे नाते नव्हते, आडनाव तेवढे एक) यांनी १९३७ मध्ये वेगळाच मार्ग धरला. दोन टोकांना आयसोसायनेट गट असलेला रेणू घ्यायचा, दोन टोकांना हायड्रॉक्सिल असलेला दुसरा घ्यायचा आणि दोघांना एकत्र आणायचे. यातून पाणी किंवा दुसरे काही बाहेर पडत नाही. दोन्ही रेणू पूर्णपणे एकमेकांत सामावून जातात. ही कल्पना त्या वेळी त्यांच्या सहकाऱ्यांनाही फारशी पटली नव्हती.

फोम मात्र ठरवून झाला नाही. घट्ट प्लास्टिकच्या नमुन्यात सारखे बुडबुडे येत आणि ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत तो दोष समजला जाई. नमुने तपासणाऱ्या विभागाने ते परत पाठवताना, याचे फार तर नकली स्विस चीज होईल असा शेरा मारल्याची गोष्ट या क्षेत्रात आजही सांगतात. बुडबुड्यांचे कारण शोधले तेव्हा कळले की ओलाव्याशी आयसोसायनेटची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग पाणी मुद्दाम घालायला सुरुवात झाली. हिशेब साधा आहे: १८ ग्रॅम पाण्यातून खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर वायू मिळतो. कारखान्यांत आजही सगळी गादी या एका आकड्याभोवती फिरते.

नरम फोमचे व्यापारी उत्पादन १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. पहिली काही वर्षे पॉलिएस्टर जातीची पॉलिऑल वापरली जात. ती महाग होती आणि दमट हवेत तो फोम काही वर्षांत भुगा होऊन झडायचा. १९५७ च्या सुमारास प्रॉपिलीन ऑक्साइडपासूनची स्वस्त पॉलिईथर आली, पाठोपाठ अमाइन आणि कथिलाचे उत्प्रेरक, सिलिकोनचे पृष्ठताण-नियंत्रक आले आणि सगळे घटक एकाच फटक्यात मिसळून अखंड पट्ट्यावर ओतण्याची पद्धत बसली. याच कुटुंबातून १९५८ मध्ये ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला जाणारा धागा काढला, तो आजच्या मोजे-बनियनांतला स्पँडेक्स. बुटाचे सोल, गाडीचा डॅशबोर्ड, लाकडावरची पॉलिश, खिडकीच्या फटीत मारायचा फेस ही सगळी त्याच घराण्यातली भावंडे आहेत.

एवढ्या वस्तू एकाच क्रियेतून कशा निघतात हे पुस्तकी समीकरणातून कळत नाही. त्यासाठी कागदी पेला हातात घ्यावा लागतो. फोमच्या कोणत्याही प्रयोगशाळेत, मग ती परदेशी कंपनीची असो की औद्योगिक वसाहतीतल्या शेडची, दिवस पेल्यानेच सुरू होतो. तराजूवर पेला ठेवून त्यात पॉलिऑल मोजून घेतात. त्यात पाणी, अमाइन, सिलिकोन आधीच घातलेले असते. दुसऱ्या पेल्यात तपकिरी, काकवीसारखा दिसणारा आयसोसायनेट, कारखान्याच्या बोलीत 'आयसो'. तो ओतला की स्टॉपवॉच चालू होते आणि काडी किंवा छोटा स्टरर आठ-दहा सेकंद जोरात फिरतो. पहिले काही सेकंद काहीच घडत नाही. मग तपकिरी द्रव एकाएकी दुधाळ होतो. ही वेळ 'क्रीम टाइम' म्हणून वहीत उतरते. मिश्रण पेल्याच्या काठापाशी येते, वर चढते, टोपीसारखे फुगते. काडी टोचून वर ओढली की सुरुवातीला ती नुसतीच निघते, थोड्याच वेळात तिला दोरा सुटतो. तो 'जेल टाइम'. फुगणे थांबते तो 'राइज टाइम' आणि बोटाला चिकटेनासा होतो तो 'टॅक-फ्री'. तोवर पेला हातात धरवत नाही इतका तापलेला असतो.

या चार नोंदींत फोमचे सगळे नशीब आहे. वायू सुटणे आणि जाळे घट्ट होणे या दोन क्रियांची शर्यत चालू असते. इडलीचे पीठ पुरते फुगायच्या आत शिजले तर दडदडीत होते आणि फार वेळ फुगत राहिले तर बसते, तसेच इथे, फक्त सगळा खेळ दोन मिनिटांत संपतो. वायू आधी सुटला आणि भिंती कच्च्या असल्या तर फोम कोसळतो. भिंती लवकर पक्क्या झाल्या आणि पेशी फुटल्या नाहीत तर नरम फोम थंड होताना आक्रसतो. कडक फोममध्ये उलट, पेशी बंदच राहायला हव्यात. आतला वायू अडकून राहिला तरच उष्णता अडते. एक-दशांश भाग कथिल जास्त पडले तरी निकाल बदलतो. खानदेशात जानेवारीच्या पहाटेचा आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारचा पॉलिऑल एकच सूत्र मानत नाही. ड्रमचे तापमान ठरावीक ठेवले नाही तर सकाळची घनता संध्याकाळी मिळत नाही. औद्योगिक संशोधनाचा फार मोठा भाग असल्या गोष्टींचा असतो. नवा रेणू शोधणाऱ्याचे नाव होते, पण पेल्याच्या वहीत हजारो ओळी भरणाऱ्या माणसामुळेच तो रेणू बाजारात टिकतो. या पुस्तकाने त्या वहीला दिलेली जागा योग्य आहे.

या क्षेत्रातल्या मोठ्या घराण्यांची ओळख नवख्या वाचकाने आधीच करून घ्यावी, म्हणजे पुढचे वाद समजतात. पहिले घराणे पेट्रोरसायनाचे. आयसोसायनेटचे दोन मुख्य प्रकार, टीडीआय आणि एमडीआय. पहिला बहुतांशी गाद्यांसाठी, दुसरा कडक फोमसाठी. दोन्ही विषारी फॉस्जीन वायूच्या मार्गाने बनतात, म्हणून ते बनवणारे कारखाने जगात मोजकेच. भारतात टीडीआय गुजरातमधल्या भरूचच्या जीएनएफसी कंपनीत तयार होतो. दुसरे घराणे सूत्रकारांचे. हे स्वतः मूळ रसायन बनवत नाहीत. ते विकत घेऊन, मिसळून, ग्राहकाच्या यंत्राला आणि हवामानाला जुळेल असे दोन ड्रमांत देतात. त्यांना 'सिस्टीम हाऊस' म्हणतात. छोट्या गावातल्या तरुण केमिस्टला या विषयात शिरायचे असेल तर दार इथेच आहे.

तिसरे घराणे वनस्पती तेलांचे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत जिवंत. एरंडेल तेलातल्या रिसिनोलिक आम्लाच्या साखळीवर बाराव्या कार्बनला निसर्गानेच हायड्रॉक्सिल गट बसवून दिलेला आहे. म्हणजे एरंडेल तेल हे झाडावर लागलेले पॉलिऑलच. जगातल्या एरंडेलापैकी बहुतेक भारतातून, त्यातही गुजरातेतून जाते. मुंबईच्या जयंत अॅग्रो-ऑरगॅनिक्सने जपानच्या मित्सुई केमिकल्स आणि इतो ऑइल यांच्याबरोबर एरंडेलापासून पॉलिऑल बनवण्याचा संयुक्त उद्योग उभारला. अमेरिकेत फोर्डने २००८ च्या मस्टँग गाडीच्या आसनात सोयाबीन तेलाचा फोम घातला. सोयाबीन, सरकी, कडुनिंब या तेलांत मात्र एरंडासारखा तयार हायड्रॉक्सिल नसतो. तो रसायनाने बसवावा लागतो: दुहेरी बंध इपॉक्सी करून उघडायचा, नाहीतर तेलाची डायइथेनॉल-अमाइनशी क्रिया करून अमाइड बनवायचे.

हे काम जळगावात झाले आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या प्रयोगशाळांतून सरकीच्या तेलापासून पॉलिएस्टरअमाइड आणि पॉलियुरेथेन-अमाइडची लेपने, कडुनिंबाच्या तेलापासून पॉलियुरेथेन लेपने आणि ओरखडा पडला की आतला औषधी द्रव सोडून गंज थोपवणाऱ्या पॉलियुरियाच्या सूक्ष्म कुप्या यांवरचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापले गेले. कापूस हे खानदेशाचे मुख्य पीक आणि सरकी हे त्याचे दुय्यम उत्पन्न. त्या सरकीतून रंगउद्योगाला चालेल असा पदार्थ काढता येतो हे इथल्याच विद्यार्थ्यांनी दाखवून दिले आहे. आणि तेलाच्या रसायनाची या भागाला नवलाई नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तेलाचे तूप करताना जो निकेलचा उत्प्रेरक आणि हायड्रोजन वापरतात, तोच ग्लुकोजचा सॉर्बिटॉल करताना लागतो. म्हणजे अमळनेरचे तंत्र आणि दोंडाईच्याचा कच्चा माल यांच्यातले अंतर रसायनात तरी अगदी थोडे आहे. ते मिटावे ही तळमळ या पुस्तकाच्या पानापानांत आहे आणि ती रास्त आहे.

चौथे घराणे आयसोसायनेटच नको म्हणणाऱ्यांचे. चक्रीय कार्बोनेट आणि अमाइन यांच्यापासून युरेथेनचा बंध तयार करायचा असा त्यांचा मार्ग. तो सुरक्षित आहे, पण क्रिया मंद चालते आणि फोम फुगवायला आपोआप मिळणारा वायू इथे मिळत नाही. त्यामुळे हा मार्ग अजून बराचसा प्रयोगशाळेतच आहे. याच्याच शेजारी कार्बन डायऑक्साइडला पॉलिऑलच्या साखळीत विणणारे संशोधक आहेत. कोवेस्ट्रो कंपनीने जर्मनीत डोर्मागेन इथे २०१६ मध्ये असा प्रकल्प सुरू केला.

मराठी वाचकाला पॉलियुरेथेन म्हणजे गादी एवढेच माहीत असेल तर त्याने अवकाशाकडे पाहावे. पीएसएलव्ही या इस्रोच्या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातले सुमारे १३८ टन घन इंधन ज्याच्यामुळे रबरासारखे एकसंध राहते तो बंधक एचटीपीबी हे टोकांना हायड्रॉक्सिल असलेले द्रव रबर आणि आयसोसायनेट यांच्यापासून झालेले पॉलियुरेथेनच आहे. घन इंधनाच्या या कार्यक्रमाचे नेतृत्व वसंत गोवारीकर यांनी केले. १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. एरंडेलापासून निघणाऱ्या बारा-हायड्रॉक्सी स्टिअरिक आम्लावर आधारलेले 'इस्रो पॉलिऑल'ही तिथल्याच संशोधनातले. गोवारीकरांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले पॉलिमर विज्ञानाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक भारतातल्या कित्येक पिढ्यांनी वाचले. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संस्थेची उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा आहे, आणि तिथून जवळच १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. रघुनाथ माशेलकर आणि एस. शिवराम यांच्या काळात तिथला पॉलिमर विभाग देशात अग्रेसर ठरला. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था तर १९३३ पासूनची. माणसे, संस्था, ज्ञान यांची महाराष्ट्रात वाण कधीच नव्हती. कमी पडली ती प्रयोगशाळेतला दोनशे ग्रॅमचा नमुना दोनशे किलोवर नेऊन पाहण्याची सोय आणि त्यासाठी लागणारा धीर.

या विषयाची काळी बाजू पुस्तकाने लपवलेली नाही. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटला तो मिथिल आयसोसायनेट वायू. तो कीटकनाशकासाठी होता, फोमसाठी नव्हे, आणि गादीच्या कारखान्यातले आयसोसायनेट त्याच्याइतके सहज उडून जात नाहीत. पण रासायनिक गट तोच, आणि फुप्फुसावरचा राग तोच. आयसोची वाफ वर्षानुवर्षे हुंगणाऱ्या कामगाराला दमा जडतो आणि एकदा जडला की अगदी थोड्या वाफेनेही उफाळतो. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून कामावर हे रसायन हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे केले. तसे प्रशिक्षण आपल्याकडच्या छोट्या शेडमधल्या माणसाला त्याच्या भाषेत मिळायला हवे.

दुसरा धोका आगीचा. मँचेस्टरच्या वुलवर्थ दुकानात १९७९ मध्ये फोमच्या फर्निचरला आग लागून दहा माणसे गेली, त्यानंतर ब्रिटनने १९८८ मध्ये फर्निचरचे कडक नियम केले. जळत्या फोममधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. माणूस ज्वाळेआधी धुराने बेशुद्ध पडतो. कारखान्यातही ताज्या ठोकळ्याचा गाभा दीडशे अंशांच्या पुढे जातो, म्हणून ताजे ठोकळे एकमेकांपासून लांब ठेवून रात्रभर निवू देतात. पाणी आणि आयसो जरा जास्त झाले तर ठोकळा आतून करपतो, कधी पेटतो.

तिसरी गोष्ट आभाळाची. कडक फोम फुगवायला पूर्वी सीएफसी-११ वापरत. १९८७ च्या माँट्रियल कराराने ते बंद झाले, मग एचसीएफसी-१४१बी आले आणि १ जानेवारी २०२० पासून भारताने त्याचीही आयात थांबवली. फ्रिजच्या कंपन्या सायक्लोपेंटेनकडे वळल्या. त्या वाटेवर गोदरेज आपल्या देशात आघाडीला होती. पण सायक्लोपेंटेन ज्वालाग्राही. त्यासाठी लागणारी यंत्रणा लहान कारखानदाराला झेपत नाही. फुगवणारा वायू बदलला की पेल्यातल्या चारही वेळा बदलतात, पेशीचा आकार बदलतो, साचा भरण्याची पद्धत बदलते. एका आंतरराष्ट्रीय करारामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या शेडमधल्या केमिस्टला सगळी वही पहिल्यापासून लिहावी लागते.

आणि गरज तर वाढतेच आहे. जळगाव, रावेर, यावलच्या पट्ट्यात केळी पिकवण्याच्या खोल्या उभ्या राहतात, त्यांच्या भिंती दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या, बाजाराच्या बोलीत 'पफ पॅनेल'. बाहेर पंचेचाळीस अंश, आत सोळा-अठरा. तेवढीच थंडी राखायला थर्माकोलपेक्षा पातळ भिंत पुरते, कारण चांगल्या कडक फोमची उष्णतावाहकता थर्माकोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्या भिंतीच्या आकारमानात घन पदार्थ फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळा अडकलेला वायू. केळीचा घड व्यापाऱ्यापर्यंत पिवळा पोचतो की काळा, हे पुष्कळदा या वायूवर ठरते. भिंतीचा फोम काही वर्षांनी ओलावा पिऊन निकामी झाला तर विजेचे बिल सांगते, पण कारण शोधायला जाणारा माणूस गावात नसतो.

जुन्या गाद्यांचे काय करायचे हा प्रश्नही दारात आलेला आहे. आपल्याकडे कापलेला फोम वाया जात नाही. चुरा करून, डिंक लावून, दाबून त्याचा 'रिबाँडेड' थर करतात आणि तो स्वस्त गादीच्या पोटात जातो. ग्लायकॉलमध्ये तापवून फोमचा पुन्हा पॉलिऑल करण्याची पद्धतही जुनी आहे, पण मिळणारा द्रव शुद्ध नसतो आणि ताज्या मालाशी भावात टिकत नाही. यावर जो उपाय काढील त्याला कच्चा माल प्रत्येक शहराच्या कचरा डेपोवर फुकट मिळणार आहे.

प्रस्तुत पुस्तकाची मांडणी या सगळ्या वाटांना धरून आहे, पण ते ज्ञानकोश होऊ पाहत नाही. ते वाचकाला आधी पेल्यापाशी बसवते आणि मग रेणूकडे नेते. बहुतेक पाठ्यपुस्तके उलट चालतात आणि म्हणून अर्ध्यातच मिटली जातात. शब्दांच्या बाबतीतही हट्ट धरलेला नाही. कारखान्यात आयसोच्या प्रमाणाच्या ज्या आकड्याला 'इंडेक्स' म्हणतात त्याला इथेही इंडेक्सच म्हटले आहे, घनता किलो प्रति घनमीटरमध्ये दिली आहे आणि दुकानदार ज्याला 'बत्तीस डेन्सिटी' म्हणतो ती नेमकी काय ते सांगितले आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत धुळे-जळगावच्या तंत्रनिकेतनांतली मुले, फोमच्या शेडमधले पर्यवेक्षक, स्टार्चच्या आणि तेलाच्या कारखान्यांतले केमिस्ट, आणि आपल्या मक्याचे, सरकीचे पुढे काय होते याची उत्सुकता असलेला शेतकरी.

पुस्तकात पेल्यातले प्रयोग करून पाहण्यासाठी दिले आहेत. ते करताना खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, हातात नायट्राइलचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. दम्याचा त्रास असलेल्याने करू नयेत. उरलेला आयसो कधीही बेसिनमध्ये ओतू नये आणि ओल्या डब्यात भरून झाकण घट्ट लावू नये. आत सुटणारा वायू डबा फोडतो.